‘मेक अ ब्रेक फॉर इट’ म्हणणारे कारखानीसकाका

प्रिय रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी ईशान फोनवर सांगत होता, मित्राच्या वाढदिवसाला फार कंटाळा आला, मग "आय मेड अ ब्रेक फॉर इट." मी विचारलं, हे कुठून शिकलास? तर म्हणाला, "मॉम ऑलवेज सेज दॅट." बरोबर आहे. तुमची आई इथे नेदरलँड्समध्ये, बेस्ट गावात शाळेत होती तेव्हापासून हे म्हणते, आणि तिला ते दिलं आमच्या रस्त्यावरच्या कारखानीसकाकांनी. काका या हिवाळ्यात गेले. त्यांच्या पत्नी शैलावहिनी आधीच गेल्या होत्या, तुमचे आजोबाही. हे वाक्य आपल्या घरात कसं आलं आणि ज्याने आणलं तो माणूस कसा होता, हे सांगू शकेल अशी आता मी एकटीच उरले आहे, आणि माझं वय तुम्हाला माहीत आहे. म्हणून क्रमाने लिहून ठेवते. मराठीत लिहिते आहे. मेलबर्नला बसून वाचताना कुठे अडलात तर आईला विचारा.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बेस्टमधल्याच एका मराठी घरी, गणपतीच्या आरतीला. आपल्या लोकांचं निघणं तुम्ही पाहिलेलं आहे. सोफ्यावर बसल्या बसल्या एकदा "बरं, येते हं" म्हणायचं, उठून पुन्हा एकदा म्हणायचं, मग हळदीकुंकवासाठी थांबायचं, प्रसादाचा डबा नको नको म्हणत घ्यायचा, आणि बूट घालताना जो विषय निघेल तो अर्धा तास चालवायचा. त्या दिवशी हे सगळं सुरू होण्याआधीच एक उंच, किंचित वाकून चालणारे गृहस्थ उठले आणि मोठ्याने म्हणाले, "राइट! मेक अ ब्रेक फॉर इट!" त्यांच्या पत्नी कोट घालून दारात उभ्याच होत्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा यजमानीणबाईंच्या हातातली कुंकवाची कोयरी तशीच उघडी होती.

"काय बाई वागणं," त्या म्हणाल्या. "कुंकवालासुद्धा थांबत नाहीत."

तुमचे आजोबा हसले. मला मात्र ते वाक्य खटकलं. मी पुण्याला कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं. पहारेकऱ्याची पाठ वळली की कैदी जे करतो, त्याला इंग्रजीत असं म्हणतात. शिऱ्याची वाटी खाली ठेवून घरी निघालेल्या माणसाने असं कशाला म्हणावं?

पुढच्याच वर्षी आम्ही त्यांच्या रस्त्यावर घर घेतलं आणि कारण कळलं. त्यांना एक मुलगा होता, अमेय. तेव्हा सहा-सात वर्षांचा. देखणा, कुरळ्या केसांचा, आणि आपल्यातच असलेला. तो ऑटिस्टिक आहे. बोलायचा जवळजवळ नाहीच, आणि दार उघडं दिसलं की निघायचा. पळायचा म्हणत नाही मी. कुठेतरी पोचायचं असल्यासारखा सरळ निघायचा, आणि इथे कुठल्याही रस्त्याने सरळ गेलं तर शेवटी पाणी लागतं. कारखानीस कुठे जेवायला गेले की पलीकडे राहणारा टॉम अमेयजवळ बसायचा. टॉम म्हणजे बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेला म्हातारा इंग्रज, डच बायकोपायी इथे राहिलेला. त्याचा धीर तासाभराचा. तेवढ्या वेळात कारखानीस परत यायचे.

वाक्य टॉमचं होतं. अमेय पहिल्यांदा मागच्या फाटकातून निसटला तेव्हा टॉमनेच त्याला चरातून बाहेर काढलं, गुडघ्यापर्यंत चिखलात. घरी आणून म्हणाला, "युवर लॅड मेड अ ब्रेक फॉर इट." शैलावहिनी रडायला लागल्या. कारखानीस हसायला लागले.

"हसलो म्हणून शैला चार दिवस बोलली नाही माझ्याशी," ते मला एकदा म्हणाले. "पण वहिनी, तुम्हीच बघा. 'मुलगा पळून गेला' म्हटलं की पोलीस आले, फॅमिली डॉक्टर आला, गावाकडून आईचा फोन आला. 'मेक अ ब्रेक फॉर इट' म्हटलं की वाटतं, वा, पोराने काहीतरी पराक्रम केला."

तेव्हापासून त्यांनी ते सगळ्याला लावलं. कंपनीतल्या लांबलेल्या मीटिंगला, दाताच्या डॉक्टरला, शैलावहिनींच्या कारल्याच्या भाजीला. चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ते मोठ्या पदावर होते. तिथल्या डच मंडळींनाही म्हणे ती सवय लागली. तुमचे आजोबा त्यांना चिडवायचे, "कारखानीस, पोलीस लागलेत का मागे?"

"लागलेत की. ती काय गाडीत बसलीये."

अमेयला थांबवायचे सगळे उपाय करून झाल्यावर त्यांनी एक दिवस ठरवलं की थांबवायचंच नाही. आधी पोहायला शिकवायचं. इथे मुलांना पोहण्याचा पहिला डिप्लोमा मिळतो तो कपडे आणि बूट घालून पोहून दाखवल्यावर, कारण मुलं कालव्यात पडतात ती पोहायची चड्डी घालून पडत नाहीत. अमेयला ओले कपडे अंगाला लागलेले अजिबात सहन व्हायचे नाहीत. कारखानीस स्वतः वाईचे, कृष्णेत पोहलेले. ते रोज संध्याकाळी शर्ट-पँट घालून त्याच्याबरोबर तलावात उतरायचे. पाच-सहा वर्षं लागली. बरोबरची मुलं मोठी होऊन दाढी करायला लागली होती तेव्हा अमेयला ते प्रमाणपत्र मिळालं, आणि त्या दिवशी कारखानीसांनी रस्त्यावरच्या प्रत्येक घरी पेढे दिले. पेढ्यांसाठी शैलावहिनी मुद्दाम लांब अ‍ॅमस्टेलव्हीनच्या भारतीय दुकानात गेल्या होत्या. टॉमने दोन एकदम तोंडात टाकले.

मग शनिवारचं चालणं सुरू झालं. सकाळी दार उघडायचं, अमेय बाहेर पडायचा, आणि हे वीसेक पावलं अंतर ठेवून मागून सायकल हातात धरून चालायचे. कॅरियरला दोन केळी, पाण्याची बाटली आणि अमेयचा जादा स्वेटर. तो जाईल तिकडे जायचं, वळेल तिकडे वळायचं. एकदा मीही गेले होते. कालव्याच्या काठाने, मग शेतांमधून, मग एका गोदामाच्या मागच्या बाजूने. मी दमले.

"हाक मारा ना त्याला," मी म्हटलं.

"हाक मारली की तो धावतो. मागे कोणी नाही असं वाटलं पाहिजे त्याला."

"पण तो जातोय कुठे?"

"तेच तर बघायला मी येतो. इतकी वर्षं येतोय. अजून कळलं नाही."

थोड्या वेळाने अमेय एका पुलावर थांबला आणि खाली बघत उभा राहिला. कारखानीसही थांबले. मी पाहिलं की त्यांनी सायकल आधीच स्टँडवर लावली होती आणि एका बुटाची नाडी सोडून ठेवली होती. पोहता येणाऱ्या मुलाच्या मागेसुद्धा ते तसेच उभे होते.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण सगळं त्यामुळे झालं. अमेय तीन वर्षांचा असताना बोलत नाही म्हणून त्याला भाषेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सांगितलं, याला दोन भाषा झेपणार नाहीत. घरात एकच बोला, आणि शाळा डच, तेव्हा डच. त्या काळी असाच सल्ला देत. तो मनावर न घेणारेही पुष्कळ असतील. पण हे दोघं पुण्यात शिकलेले, पहिल्या पाचात येणारे. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा म्हटलं तर दोनदाच गोळी घेणारे. घरी येऊन त्यांनी त्याच संध्याकाळपासून मराठी बंद केली.

त्यांचं डच तेव्हा दुकानात भाजी घेण्यापुरतं. त्या डचमध्ये त्यांनी मूल वाढवलं. शैलावहिनी अमेयला झोपवताना गायच्या, ते गाणं थांबलं. बोलताना चुकून मराठी शब्द आला की दुसऱ्याने त्याला टोकायचं, "नेदरलांड्स!" म्हणजे डचमध्ये बोला. मी चहाला गेले तरी माझ्याशी शैलावहिनी स्वयंपाकघराचं दार लावून, हळू आवाजात बोलायच्या. आपल्याच घरात, आपल्याच भाषेत, चोरून. अमेय झोपल्यावर मग दोघं खाली बसून पोटभर मराठी बोलायचे. "रोज रात्री आमची भिशी असते, दोनच मेंबर," कारखानीस म्हणायचे.

अमेयला काही शब्द आले. वातर म्हणजे पाणी, ब्रोत म्हणजे पाव, ताउस म्हणजे घर, आणि सगळ्यात लाडका बाउतन, म्हणजे बाहेर. आईवडील एकमेकांना टोकायचे तो 'नेदरलांड्स'ही त्याने उचलला. चूक झाली की म्हणायचा शब्द, असा त्याने त्याचा अर्थ लावला असावा. दूध सांडलं तरी म्हणायचा, "नेदरलांड्स."

कारखानीसांचे थोरले बंधू पुण्याला कोथरूडमध्ये होते. दर फोनवर त्यांचं एकच पालुपद: "वसंता, तुम्ही दोघं म्हातारे होणार. पोराचं पुढे काय? इकडे या. इकडे माणसं आहेत." ते खरं होतं. चार चुलतभावंडं होती, काकू होती, जिन्यात सतत कोणीतरी येजा करत असायचं. शेवटी कारखानीसांनी मनावर घेतलं. अमेय विशीत होता. कंपनीतून मोठी रजा काढून तिघं गेले. जमलं तर इथलं घर विकायचं असं आम्हाला सांगून गेले.

जमलं नाही. पंधरवड्यातच एका सकाळी कोणीतरी दूधवाल्यासाठी दार उघडलं आणि अमेय बाहेर पडला. मागे वडील नव्हते, ते बँकेत गेले होते. तो चांदणी चौकाच्याही पलीकडे चालत गेला. संध्याकाळी एका टायरवाल्याने त्याला बसवून ठेवलं होतं. पोचलेला हवालदार चांगला माणूस होता, कारखानीस सांगायचे. चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला, दहा वेळा विचारलं, "बाळा, घर कुठंय तुझं? आईचं नाव काय?" अमेय म्हणत होता, "ताउस. ताउस." हवालदाराला वाटलं ते गावाचं नाव आहे. त्याने दोन-तीन चौक्यांवर फोन करून विचारलंसुद्धा, ताउस कुठल्या तालुक्यात येतं म्हणून. घरातल्या माणसांचंही तेच झालं होतं. काकू प्रेमाने "ये रे राजा, जेवायला ये" म्हणायची, आणि तो तिच्याकडे, आपण रस्त्यावरच्या परक्या माणसाकडे बघतो, तसा बघायचा.

परत आल्यावर तुमच्या आजोबांनी विचारलं, "दादा काय म्हणाले?"

"म्हणाले, राहा अजून, सवय होईल. मी म्हटलं, दादा, माणसं आहेत रे, पण आम्ही त्याला तुमची भाषाच दिली नाही."

मग म्हणाले, "साहेब, कैद्याला पळायला कुठलातरी दुसरा देश लागतो. याला एकच आहे. आणि याच्यामुळे आम्हालाही."

त्यानंतर परत जाण्याचा विषय त्यांनी काढला नाही. पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सहज सांगितलं की दोन भाषांनी अशा मुलांचं काही बिघडत नाही, घरची भाषा बोलायला हवी होती. शैलावहिनींनी ते माझ्याकडे येऊन सांगितलं, चहा घेतला, कप धुऊन ठेवला आणि गेल्या. रागावल्या नाहीत. रागवायला कोणी समोर नव्हतंच. आधीच्या बाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या.

शैलावहिनी झोपेत गेल्या, हृदय बंद पडून. आम्ही भेटायला गेलो तेव्हा कारखानीस दारातच म्हणाले, "शैलाने मेक अ ब्रेक फॉर इट केलं, वहिनी. मला न सांगता." तुमची आई तेव्हा सुट्टीला आलेली होती. ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. ते तिची पाठ थोपटत राहिले आणि तिच्या डोक्यावरून अमेय कुठे आहे ते बघत राहिले.

वर्षभरात त्यांचा हात कापायला लागला. पार्किन्सन. आधी हात, मग पाय. शनिवारी अमेय दारातून बाहेर पडायचा आणि हे फाटकापर्यंत पोचेपर्यंत तो रस्त्याच्या टोकाला गेलेला असायचा. टॉम तोवर वारला होता. मी काही शनिवार त्याच्या मागे गेले, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला तिशीतल्या माणसाचा वेग कुठून यावा? दोनदा पोलिसांनी आणून सोडलं. तिसऱ्यांदा खेमेंटेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, एक बाई आली आणि फार सौम्यपणे म्हणाली की आता याला संस्थेत ठेवायला हवं. बंद दाराच्या.

अमेयला पोचवायला मीच गाडी चालवत होते. संस्था चांगली आहे, तेही लिहिलं पाहिजे. स्वच्छ, उजेडाची; बाग आहे, बागेला उंच कुंपण आहे. त्याची खोली त्याला दाखवली. तो खिडकीकडे गेला, मग दाराकडे गेला. दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप. त्याने मूठ धरून दार ढकललं आणि वडिलांकडे बघून म्हणाला, "बाउतन." दार उघडायचं काम नेहमी वडिलांचंच होतं.

कारखानीस काठी टेकून उभे होते. सवयीने तोंडातून निघालं, "राइट. मेक अ ब्रेक फॉर इट." कोणी हसलं नाही. तिथली तरुण मुलगी नुसती सभ्यपणे मान हलवून आकडे दाबायला पुढे झाली. आम्ही दोघं बाहेर आलो. दार लागल्यावर आतून ठोकल्याचा आवाज येत होता. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "वहिनी, काढा गाडी." मी काढली. त्यानंतर ते वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

आजाराने त्यांचं डच हळूहळू गेलं. शब्द सापडेनात. भेटायला मी त्यांना न्यायची; अमेयच्या शेजारी बसून ते काही आठवायचा प्रयत्न करायचे आणि मग नकळत मराठीत बोलायला लागायचे. "जेवलास का रे? बारीक झालास. थंडी वाजते का?" साध्या गोष्टी, तीस वर्षं न बोललेल्या. अमेय ऐकून घ्यायचा, मग कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "नेदरलांड्स."

"हो, हो," काका म्हणायचे. "चुकलो."

मागच्या शरद ऋतूत ते पडले आणि मग उठले नाहीत. मी शेवटी भेटले तेव्हा आवाज फार बारीक झाला होता. मी विचारलं, काही निरोप द्यायचाय का? त्यांना कळलं मी कोणासाठी विचारते आहे.

"कुठल्या भाषेत देणार?" ते म्हणाले. मग म्हणाले, "मागे चालायला कोणीतरी असावं, एवढंच होतं. ते काही जमलं नाही."

मी म्हटलं, मी जाईन. ते म्हणाले, "तुम्ही चालाल हो वहिनी. पण किती दिवस?" त्यांनी ते मला दुखवायला म्हटलं नव्हतं. त्यांना आयुष्यभर हिशेब बरोबर करायची सवय होती.

दहनाला मोजकी माणसं होती. पुण्याहून कोणी येऊ शकलं नाही, दादाही आता अंथरुणावर आहेत. इथल्या पद्धतीप्रमाणे नंतर कॉफी आणि केक होता. संस्थेतली एक बाई अमेयला घेऊन आली होती. त्याने केक खाल्ला, वडिलांच्या फोटोकडे एकदा पाहिलं आणि दाराकडे गेला. बाईने त्याचा हात धरून ठेवला.

संस्थेत माणसं कमी आहेत, त्यामुळे त्याला बाहेर नेता येत नाही. तो कुंपणाला धरून बागेत फेऱ्या मारतो. गवतात त्याची वाट पडली आहे. मी एका शनिवारी विचारलं, मी नेऊ का? तिथल्या बाई म्हणाल्या, तुम्ही पडलात तर? आता मी जाते तेव्हा बाकावर बसते. तो प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून जातो. मी केळं पुढे केलं तर घेतो. कोर्टाने त्याच्यासाठी एक पालक नेमलेला आहे. त्याच्याकडे अशी पुष्कळ माणसं आहेत, आणि तो वेळ मिळेल तेव्हा येतो.

काकांचं घर विकलं गेलं. तिथे एक तरुण जोडपं राहतं, त्यांनी मागचं फाटक काढून टाकलं आहे.

अमेय आहे. त्याची तब्येत उत्तम आहे. हृदय, फुप्फुसं, पाय, सगळं ठणठणीत. डॉक्टर म्हणतात तो खूप वर्षं जगेल.

तुमची,
आजी